नवी कढई

"शेंगा खायच्या न्हाईत म्हणं! यष्टी काय हिच्या सासऱ्यानं घेतलीया?" झुंबरबाई पुटपुटल्या आणि भाजक्या शेंगांची पुडी त्यांनी पदराखाली सरकवली.

पुढच्या बाकावरच्या जागृतीला ते ऐकू गेलं नाही. शेजारी बसलेल्या स्नेहाला गेलं. जुन्नरच्या एकाच शाळेतल्या या तिघी, दोन शिक्षिका आणि शिपाईबाई, रविवार गाठून भीमाशंकरला निघाल्या होत्या.

"खरंच सोसत नाहीत हो तिला," स्नेहा मागं वळून हळूच म्हणाली. "गॅदरिंगला चिक्की खाल्ली तर डोळे मिटले होते सुजून."

तेव्हापासून अॅलर्जीच्या गोळ्यांचं पाकीट जागृतीपेक्षा स्नेहाच्याच पर्समध्ये जास्त सापडायचं. मात्र सहा वर्षांत जागृतीनं तिच्या डब्यातला घास घेतला नव्हता. "तुमच्याकडे सगळ्यात कूट असतो गं," म्हणायची. खोटं नव्हतं ते.

म्हणून या खेपेला स्नेहानं कारणच शिल्लक ठेवलं नाही. नवी कढई आणली. सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी फोडली. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. जैनांना चालतील अशा मेथीच्या पुऱ्या पहाटे उठून तळल्या. खोडदच्या घरी आई, पारूबाई, बाजूला बसून बघत होती.

"खाईल का पण ती?"

"न खायला काय झालं?" स्नेहा म्हणाली होती.

घोडेगावला गाडी थांबली. डबे उघडले.

"दाण्याचा कणसुद्धा नाही यात. कढईपण कोरी होती."

जागृतीनं पुरीकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"किती केलंस गं! पण प्रवासात रिस्क नको."

स्नेहाच्या मांडीवर डबा उघडाच राहिला. मागून झुंबरबाईंचा शंकरपाळ्यांचा डबा पुढं आला. बोलता बोलता जागृतीनं दोन उचलल्या, मग आणखी दोन. कशात तळल्यात, ते विचारलं नाही.

"अवो बाई, घाण्याचं तेल हाय त्यात, शेंगदाण्याचं!" झुंबरबाईंच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता.

डिंभे धरणाच्या अलीकडे जागृतीचा ओठ फुगला, मानेवर गांधी उठल्या. स्नेहानं पाकीट फोडून गोळी तिच्या तळहातावर ठेवली. जागृतीची बाटली केव्हाच संपली होती. स्नेहानं आपल्या बाटलीचं झाकण काढून ती पुढं धरली.

जागृतीचा हात बाटलीवरून तसाच मागं गेला.

"झुंबरबाई, जरा पाणी."

झुंबरबाईंनी स्नेहाकडे न बघता पाणी दिलं आणि खिडकीबाहेरच्या धरणाकडे तोंड फिरवलं.

स्नेहानं घाई केली नाही. गोळी घशाखाली गेल्याचं पाहिलं. गांधी बसेपर्यंत मानेवर नजर ठेवली. मग बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा एकदा घट्ट केलं.

"बरं वाटतंय आता?"

"हं."

"मग सांग जागृती. आम्ही बौद्ध म्हणूनच ना?"