तिघींची खोली

रेक्टरबाईंनी दारावर दोनदा टकटक केली, "मुलींनो, खोली बघायला आलेत गं," म्हणत ते ढकललं आणि मागोमाग येणाऱ्या देवचंदला तळहात दाखवून थांबवलं.

"पुरुषांनी व्हरांड्यातच थांबायचं."

देवचंद चटकन मागे सरला. त्याची मुलगी संघमित्रा चपला काढून आत गेली. उघड्या खिडकीतून त्याला अर्धीच खोली दिसत होती. लोखंडी खाटा, दोरीवर वाळत घातलेल्या ओढण्या, स्टोव्हवर झाकून ठेवलेलं पातेलं. एक मुलगी दुसरीच्या केसांना तेल लावत होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या आणि माणसं आलेली पाहूनही त्यांचं हसू आवरत नव्हतं.

धुळ्याचं हे कॉलेज पाहायचं संघमित्रानंच काढलं होतं. ती बारावी सायन्सला होती. परीक्षेच्या धांदलीआधी जळगाव आणि धुळे, दोन्हीकडची कॉलेजं बघून ठेवू, असं दोघांचं ठरलं. म्हणजे तिनं म्हटलं आणि त्यानं मान हलवली. घरात बोलणं तेवढंच उरलं होतं. संघमित्राच्या आईला, शेवंताला, काविळीनं नेलं त्याला दोन वर्षं होत आली होती. देवचंद भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर. बायको गेल्यापासून त्याला क्वार्टरमधली रात्र सोसेना. सोबतच्या बन्सीलालची, आणखी कुणाची, ज्याला नको असेल त्याची रात्रपाळी तो मागून घ्यायचा. पोरगी हुशार आहे, घर शांत असलं की तिचा अभ्यास चांगला होतो, असं तो सोबतच्यांना सांगायचा. सांगून सांगून त्याला ते खरंही वाटू लागलं होतं.

मागच्या शनिवारी ते जळगावला जाऊन आले होते. तिथलं कॉलेज त्याला फार आवडलं. प्रयोगशाळा मोठी, झाडी भरपूर, शिवाय रोज अप-डाउन करता आलं असतं. संघमित्रा मात्र दुसऱ्या कुणासाठी कापड बघायला आल्यासारखी त्याच्या मागून फिरली. "छान आहे," एवढंच म्हणाली.

आता आतलं बोलणं नीट ऐकू येईना, तसं त्यानं व्हरांड्यातूनच विचारलं, "मॅडम, एकटीची खोली मिळेल का हो? हिला शांततेची सवय आहे. घरीही एकटीच असते."

"कोपऱ्यातली एक आहे. लहान आहे, पण रिकामी होणार आहे. बघता?"

तो हो म्हणणार होता. त्याआधीच संघमित्राचा आवाज आला. इतका मोठा आवाज त्यानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

"नको, मॅडम. ही तिघींचीच चालेल."

"अगं, इथं अभ्यास कमी आणि गलका जास्त," रेक्टरबाई हसल्या.

"चालेल." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "रात्री या दोघी इथंच असतात ना?"

"रात्री कुठं जातील बाई?"

तेल लावणाऱ्या मुलीनं खाटेवरची पुस्तकं बाजूला सारली. "ये ना, बस," ती म्हणाली. संघमित्रा खाटेच्या कडेला बसली.

देवचंदनं खांबाला हात टेकला. खाली अंगणात नळाखाली कुणाची तरी बादली भरून वाहत होती. तो जिना उतरून गेला, नळ बंद केला आणि तिथंच उभा राहिला.

परतीच्या एस.टी.त दोघं शेजारी बसली. कापूस वेचून झालेली शेतं मागे जात होती.

"जळगाव जवळ पडेल," संघमित्रा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुम्हाला ते आवडलंय ना, बाबा. तेच करू."

"धुळंच घे."

तिनं मान वळवली. "आणि तुम्ही?"

देवचंद वाकून पायाशी ठेवलेली पिशवी सारखी करू लागला.

पारोळ्याला गाडी चहासाठी थांबली. देवचंद उतरला आणि चहाकडे न जाता स्टँडबाहेरच्या एस.टी.डी. बूथवर गेला. भुसावळला उतरून तो परस्पर बन्सीलालच्या पाळीवर जाणार होता. फोनवर बन्सीलाल घाबरून तब्येतीचं विचारू लागला.

"तब्येत बरी आहे. आज जमायचं नाही, भाऊ. इथून पुढं माझ्या वाट्याच्या तेवढ्याच रात्री करीन."

जागेवर परत येऊन त्यानं पिशवीतला डबा काढला, उघडला आणि दोघांच्या मधे ठेवला. भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. सकाळी तिनंच भरला होता.

"हा तर रात्रीचा," ती म्हणाली. "पाळीवर काय खाल?"

"घरी खिचडी टाकू."

भाकरी मोडता मोडता तिचा हात थांबला. मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि लहान स्वतः घेतला.

एरंडोल मागे पडलं तेव्हा उन्हं उतरली होती. काहीतरी बोलायला हवं हे देवचंदला कळत होतं. शेवंता होती तोवर घरात अहिराणीच चालायची. ती गेल्यावर बापलेकीत अहिराणी कधी बंद झाली ते कळलंही नाही. कामापुरती शाळेतली मराठी राहिली. आता त्याच्या तोंडून आपसूक अहिराणीच आली.

"तुनी माय पह्यलेंदा दीपनगरले उनी ना," समोरच्या बाकाकडे बघत तो म्हणाला, "तवय चिमणीना धूर देखीसन तिले वाटनं, आग लागनी. भरेल कळशी लिसन पळत सुटनी."

तेवढ्यात गाडी खड्ड्यातून उसळली, डब्याचं झाकण वाजलं. जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायला अजून सहा महिने होते.

संघमित्रानं झाकण घट्ट लावलं, डबा मांडीवर घेतला आणि खिडकीकडे पाठ करून त्याच्याकडे वळून बसली.

"मंग?" ती म्हणाली. "मंग काय व्हयनं?"