वारस कोणी नाही

नातवंडांसाठी घराण्याचा इतिहास लिहावा, म्हणून आजोबांच्या फौजेतल्या नोंदी बघायला मी पेन्शन कचेरीत गेले. दुपारपर्यंत माझं रोजचं मौन असतं, तेव्हा कारकुनापुढे चिठ्ठी सरकवली. त्याने धूळ झटकत फाइल आणली आणि शेवटचा कागद पाहून तो हसला.

"ताई, हे अक्षर बघा, मोत्याचे दाणे! तुमच्या चिठ्ठीसारखंच की हो."

ते माझंच होतं. आजोबांमागे पेन्शन आजीला मिळायची; ती गेल्यावर बाबांनी सांगितलं आणि बारा वर्षांची असताना मी लिहिलं, 'मागे हक्कदार वारस कोणी नाही.' विधवा होऊन माहेरी आलेली आत्या तेव्हा आत भांडी घासत होती. पेन्शन तिच्या नावावर व्हायला हवी होती. पण कागदावर तिचं नाव लागलं तर ती घरातही वाटा मागेल, अशी बाबांना धास्ती. आत्याने मग जन्मभर लोकांचे कपडे शिवले.

मौनाची वेळ सरली तरी माझं तोंड उघडेना. संध्याकाळी आत्याच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगून टाकलं.

"लहान होते गं मी तेव्हा."

आत्या सुईत दोरा ओवत राहिली. "तेव्हाचं कोण म्हणतंय? पोरीला काय कळतंय! पण पुढे पन्नाशी ओलांडलीस, कपडे माझ्याकडेच शिवलेस. कधी विचारलं नाहीस, की 'आत्या, तुला पेन्शन कशी नाही?'"

विसरले होते, असं म्हणणार होते.

"उत्तर ठाऊक होतं, आत्या," मी म्हटलं. "म्हणूनच विचारलं नाही."