कुंपणापलीकडची फुलं

माझ्या सासूबाईंना फुलांची आवड आहे, असं म्हणणं म्हणजे फारच सभ्य बोलणं झालं. कोथरूडमध्ये त्या रोज सकाळी पिशवी घेऊन निघतात आणि लोकांच्या कुंपणांतून बिनदिक्कत हात घालतात. देवासाठी तोडली की ती चोरी नसते म्हणे.

त्या आयर्लंडला आमच्याकडे आल्या, तेव्हा लिमरिकहून साडेतीन तास गाडी चालवून मी त्यांना ॲलिहीजला आणलं. समुद्र, कडे आणि टेकडीवर तांब्याच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणी. माझ्या नवऱ्याला, शैलेंद्रला, हॉस्पिटलमध्ये ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघीच. सकाळी गेस्टहाउसच्या खोलीत त्यांनी बॅगेतून छोटा गणपती काढला आणि फुलांचा धोशा लावला. मला निवांत कॉफी प्यायची होती.

"टेकडीवर ढीगभर आहेत, जा, तोडा. इथे कुणी काही म्हणत नाही."

अर्ध्या तासाने वर जाऊन पाहते तर आई तारेच्या कुंपणाच्या आत, पिवळ्या काटेरी झुडपावर वाकलेल्या. कुंपणावर लाल पाटी होती: धोका, खाणीचं तोंड, आत जाऊ नका.

"आई, बाहेर या! पाटी नाही वाचलीत?"

"वाचली की! पुण्यात काय कमी पाट्या वाचल्यात? लोक लिहितातच असं."

त्या हसत वळल्या आणि त्यांच्या पायाखालचा दगड निसटून झुडपामागे नाहीसा झाला. बराच वेळ काही नाही. मग खूप खोलवरून पाण्याचा आवाज आला. त्यांनीही तो ऐकला.

"माधवी, मला हलवत नाहीये गं."

मी तार ओलांडणार तोच मेंढ्यांमागून येणारा एक म्हातारा ओरडला, "थांब! तुझं वजन नको तिथे!" डोनल त्याचं नाव. त्याने जीपमधून दोर आणून आत फेकला. "कमरेला बांधायला सांग. आणि पालथं पडून सरपटायला. उभ्याने चालली तर जमीन खचेल."

सरपटायचं! ज्या बाईला गुडघ्यांमुळे पूजेलाही खुर्ची लागते!

"आई, दोर बांधा. आता हळूच आडव्या व्हा."

"गुडघा वाकत नाही गं."

"दुखू दे! मी आहे ना." आवाज असा कापत होता की माझं असणं कुणाच्या कामाचं नव्हतं.

त्या कण्हत गुडघ्यांवर आल्या, मग पालथ्या झाल्या. वीत वीत पुढे. डोनल दोर ओढत होता, मी त्याच्यामागे दोराला लोंबकळत होते. मध्येच त्यांच्या पायाशी हातभर गवत खाली गेलं. मी किंचाळले. त्या डोळे मिटून पुटपुटत सरकतच राहिल्या.

तारेखालून त्या बाहेर आल्या तेव्हा कोपरं सोलवटली होती. मी त्यांना मिठीत घट्ट धरलं. इतकी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शैलेंद्र.

"काही नाही रे, जरा धाप लागलीय," त्या म्हणाल्या. "माझाच वेंधळेपणा. फुलांसाठी नको तिथे शिरले. माधवी बिचारी नको नको म्हणत होती."

मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"शैलेंद्र, मी नको म्हटलं नव्हतं. मी जा म्हटलं होतं. मला अर्धा तास त्या समोर नको होत्या."