शोची कमान

मांडवात पहिलीच पंगत बसली आणि तिच्यात अब्दुल रहीम दिसला, तेव्हा जानरावच्या मस्तकाची शीर उठली. अकरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही, ज्याच्या नावानं अकोल्यातल्या निम्म्या गॅरेजांत बसून शिव्या घातल्या, तो गृहस्थ पांढरा सदरा घालून जानरावच्याच लेकीच्या लग्नात बुंदी खात होता. बोलावलं कोणी? खुद्द नवरीनं. रागिणीनं पत्रिका स्वतः नेऊन दिली होती, बापाला न विचारता. जानरावनं तिला कोपऱ्यात घेऊन जाब विचारला, तर फटकन म्हणाली की रहीमचाचाच्या खांद्यावर बसून मी अख्खं गॅरेज पाहिलं, ते नाही येणार तर कोण येणार. लग्नाच्या दिवशी नवरीच्या तोंडी कोण लागणार? पण गप्प बसणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं.

दोघांचं एकेकाळी भागीत गॅरेज होतं. बोर्डावर दोघांची नावं होती. वरातीसाठी गाड्या भाड्यानं देणाऱ्यांना उघडी गाडी लागते. नवरदेव दिसला पाहिजे, त्याचा फेटा दिसला पाहिजे, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आला पाहिजे. मग जुनी दोन दारांची गाडी आणायची, छत कापायचं, लाल रंग मारायचा आणि तिला स्पोर्ट गाडी म्हणायचं. आता छत कापलं की गाडी म्हणजे नुसतं उघडं खोकं. उलटली, तर सगळं वजन आत बसलेल्याच्या टाळक्यावर. म्हणून सीटच्या मागं जाड पोलादी पाइपाच्या दोन कमानी उभ्या करायच्या आणि त्यांचे पाय खाली थेट चेसिसला, गाडीच्या मूळ सांगाड्याला, वेल्डिंग करायचे. कमानीच्या टोकापासून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत दोरी ताणायची, बसलेल्याचं डोकं दोरीच्या चार बोटं खाली आलं पाहिजे. म्हणजे गाडी पालथी झाली तरी जमिनीला कमान टेकते, चौकट टेकते, डोकं टेकत नाही. हे दोन दिवसांचं काम. शोची कमान मात्र तासाभरात होते. जिन्याच्या कठड्याचा चकचकीत पाइप वाकवायचा, पत्र्याला वेल्डिंगचे दोन टाके मारायचे, वरून प्लेट झाकायची. पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच. उलट शोचीच जास्त चमकते.

भागी मोडली ती यावरून. जानराव सांगे की रहीम लपूनछपून शोच्या कमानी लावत होता, म्हणून मी त्याला हाकलला. पुढं नांदगाव खंडेश्वरजवळ त्यांच्याच गॅरेजातून गेलेली एक गाडी उलटली, कमान काडीसारखी मोडली, आणि शेखर नावाच्या ड्रायव्हरची मान कायमची आखडली. मग तर जानरावच्या तोंडाचा पट्टा थांबेना. रहीमचं वेल्डिंग म्हणजे थुंकी लावून चिकटवलेलं, हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं की ऐकणारेच ते त्याच्या आधी पुरं करू लागले. रहीमनं कधी उलट शब्द काढला नाही. आणि जो उलटून बोलत नाही तोच चोर, असा आपल्याकडचा न्याय. लोकांनी रहीमकडे गाड्या नेणं सोडलं. तो बिचारा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडत बसला.

चार वाजता पाठवणी होती. नवरदेव शुभम अमरावतीचा. त्याच्या मामांनी हौसेनं लाल उघडी गाडी ठरवली होती. तिच्यात बसून नवरा-नवरी हायवेनं अमरावतीपर्यंत जाणार होते, मागंपुढं ट्रक, आणि ड्रायव्हर म्हणजे गाडी पळवण्यातच मर्दुमकी मानणारा. झेंडूच्या माळा बांधून गाडी दारात लागली. जानरावचं पाहणं मेकॅनिकचं. त्यानं माळा बाजूला केल्या आणि सीटमागची कमान मुठीत धरून हलवली. कमान सैल दातासारखी हलली.

एकच लेक. तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. तिला या कठड्याच्या पाइपाच्या भरवशावर पाठवायचं? भीतीनं माणूस एक तर रडतो नाहीतर भांडतो, आणि जानरावला रडता येत नव्हतं. तेवढ्यात समोर नळावर रहीम हात धुताना दिसला. झालं. अकरा वर्षांचं जळतं सरण त्या एका माणसावर उलटलं.

"ह्या कमानीखाली माही पोरगी बसनार नाही," जानराव ओरडला. "हे या माणसाचं काम हाये. यानंच त्या शेखरले जन्माचं अधू केलं. आता माह्या घरापर्यंत आला."

वाजंत्री थांबली. रागिणीची आई सत्यभामा धावत आली आणि नवऱ्याचा हात ओढू लागली. मामांचा चेहरा पडला. ते म्हणाले, अहो हळू नेऊ, चाळीसच्या वर काटा जाऊ देणार नाही, मुहूर्ताच्या वेळी कशाला नाट लावता. शुभम कधी सासऱ्याकडे पाही, कधी चपलांकडे. रहीमनं रुमालाला हात पुसले, शांतपणे पुसले, आणि गाडीजवळ आला.

"प्लेट उघड, जानराव."

दुसरा कोणी असता तर इथं सावध झाला असता. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. जानरावनं ड्रायव्हरकडून पाना मागितला, नव्या सफारी सुटाची पर्वा न करता गुडघे टेकले, आणि सगळ्यांना जवळ बोलावून, साक्षीदार जमवून प्लेट उघडली.

खाली दोन टाके होते. कमानीचा पाय चेसिसपासून वीतभर वरच लटकत होता, नुसत्या पत्र्याला चिकटलेला.

जानराव डावखुरा. सगळं जग डावीकडून उजवीकडे वेल्डिंग करतं, त्याचा हात उजवीकडून डावीकडे जातो आणि शेवटी, का कोण जाणे, जरासा वर उचलतो. अकोल्यात असा टाका दुसऱ्या कोणाचा नाही. त्यानं टाका पाहिला आणि ओळखला, तो त्याचाच होता. अकरा वर्षांपूर्वी रहीम आईच्या आजारपणात तीन महिने गावी अडकला होता. गिऱ्हाइकांची घाई होती. जानरावनं एका गाडीला शोची कमान लावली, कोणाला कळलं नाही. मग दुसरीला. रहीम परत आला, त्यानं पाहिलं, आणि त्याच दिवशी आपली हत्यारं पोत्यात भरून निघून गेला. पुढचं सगळं जानरावनं रचलेलं. रचता रचता त्याचं त्यालाच ते खरं वाटू लागलं होतं.

अजूनही वेळ होता. टाका ओळखणारा तिथं एक रहीमच, आणि रहीम तर बोलत नाही. गाडी नाकारली की पोरगी वाचते, नावही वाचतं. जानरावनं तळहात त्या टाक्यावर ठेवला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "म्या काय म्हनत होतो?"

लोक हळहळले. एक जण रहीमकडे पाहून थुंकलासुद्धा. रागिणी मात्र शालू सावरत खाली बसली. पहिलीपासूनचा अभ्यास तिनं गॅरेजातल्या हत्यारांच्या पेटीवर बसून केला होता.

"बाबा, हात काढा."

तो काढीना. तिनं बोटं धरून काढला. मोबाइलचा उजेड पाडून तिनं ते दोन टाके बराच वेळ पाहिले, मग बापाकडे पाहिलं. बापाचा टाका ती लहानपणापासून पाहत आली होती, तिला दुसऱ्यानं सांगायची गरजच नव्हती.

"हा डाव्या हाताचा टाका हाये," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मग रहीमला विचारलं, "चाचा, अशा किती?"

"चौदा," रहीम म्हणाला. "त्या तीन महिन्यांची वही म्या पाह्यली होती. सहा म्या काढल्या. एक शेखरची. ही एक. सहा अजून फिरून राहिल्या."

इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाही, असं तिनं विचारलं. रहीम म्हणाला, बोर्डावर नाव दोघांचं होतं बेटा, कोणती कमान कोणाची हे कोणाकोणाला सांगत फिरू. म्हणून जिथं गाडी दिसली तिथं मालकाच्या विनवण्या केल्या आणि कमान बदलून दिली. बापावर उपकार म्हणून नाही, हेही त्यानं स्पष्ट सांगितलं. तुझ्या बापाचं तोंड पाहायची मला आजही इच्छा नव्हती, म्हणाला, तुझ्यासाठी आलो.

जानरावनं तोंड उघडलं. त्या वक्ती धंदा, गिऱ्हाइकं, घाई, असं काहीतरी तो पुटपुटला. कोणी ऐकलं नाही. व्याही मंडळी मागं सरकली होती आणि आपसांत बोलत होती.

रागिणी उठली. रहीमच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली. बापासमोर आली, पण वाकली नाही.

"आज माह्यासाठी तुमी गाडी अडवली," ती म्हणाली. "त्या सहांत कोनाच्याच पोरी नाही बसत का? मांडवपरतणीले मले माहेरी न्याले येसान ना, तर सहाही कमानी उतरवून या. एक जरी राहिली तरी येऊ नका. मी दार उघडनार नाही."

सत्यभामा म्हणाली, उंबऱ्यावरून जाताना असं अभद्र बोलू नये गं. रागिणी शुभमसोबत मामांच्या साध्या, छताच्या गाडीत बसली आणि गाडी निघून गेली. तिनं मागं वळून पाहिलं ते आईकडे.

मांडवातली गर्दी ओसरली. रहीम चपला घालत होता. जानराव त्याच्यापाशी गेला आणि त्या सहा कुठं कुठं आहेत ते सांग, म्हणाला. आवाजात विनवणी होती, आणि ती विनवणी त्याची त्यालाच सहन होत नव्हती.

"तेल्हाऱ्याची गाडी उद्या वरातीत हाये," रहीम म्हणाला. "बाकीच्या तू शोध. म्या अकरा साल शोधल्या."

सलाम न करता तो गेला. जानरावनं डोक्यावरचा फेटा काढून सत्यभामाच्या हातात दिला आणि गॅरेजातून कटर आणायला निघाला. मांडवपरतणीला पाच दिवस होते.