ट्यूबावाल्याचं पथ्य

माझ्या लहान आतड्यात जिवाणूंनी बिऱ्हाड थाटलंय, असं ओआहाका शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मोठ्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहायचं सोडून मेले वर घुसलेत, आणि मी काहीही खाल्लं की त्याचा गॅस करतात. मी गावच्या बँडमध्ये बावीस वर्षं ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवतो. वारा तोंडाने सोडायचा, हाच माझा धंदा. पण हल्ली दर दोन गाण्यांमागे झुडपाआड पळत होतो. बँडच्या क्रिसोफोरो मास्तरांनी बजावलं होतं, की गावच्या संताच्या मिरवणुकीत गडबड झाली तर ट्यूबा तुझ्या झांजवाल्या मेव्हण्याला.

मग काय, तीन आठवडे भात, उकडलेली कोंबडी आणि गाजर. बीन्स बंद, कांदा-लसूण बंद. जिवाणू मारायला औषधाच्या दुकानातून ओरेगॅनो तेलाच्या उग्र गोळ्या आणल्या. ढेकर दिला की बायको नाक धरून दुसऱ्या खोलीत जायची. पण पोट बसलं. पँटचं बटण लागायला लागलं.

मिरवणुकीच्या सकाळी बँडचं जेवण उत्सवाच्या यजमानांकडे असतं. तिथे ताटाला नाही म्हणणं म्हणजे संतालाच नाही म्हणणं. म्हणून यजमानीण फिलोगोनियाबाईंना मी आधीच हात जोडून सगळं सांगून ठेवलं होतं. बाई भली, माझ्यासाठी वेगळा कोंबडीचा रस्सा केला. काय चव होती! तीन वाडगे ओरपले, आणि मग विचारलं, लसणाशिवाय ही चव आली कशी?

"शिवाय कशी येईल? अख्खा गड्डा शिजवला की, दोन कांदेपण. मग एकूण एक काढून टाकलं. गाळून घेतलाय, तुझी शपथ."

आमच्याकडच्या सगळ्या बायका असंच करतात, माझी आईसुद्धा. काढून टाकला म्हणजे घातलाच नाही. पाण्यात उतरलेलं चाळणीत थोडंच सापडतं?

मिरवणुकीबरोबर चर्चच्या पायऱ्यांपर्यंत कसाबसा पोचलो. झुडपाआड पळालो नाही. पाद्रीबाबांनी प्रार्थनेसाठी हात वर केला, सगळं गाव गप्प झालं, आणि माझा लांबलचक खर्ज लागला. ट्यूबा नेमका खाली ठेवलेला, त्यामुळे त्याच्यावर ढकलायचीही सोय नव्हती. संताची मूर्ती खांद्यावर घेतलेले चौघे हसून हलायला लागले, तसे संतही डोलले.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी ट्यूबा उचलून मेव्हण्याच्या खांद्यावर चढवला आणि त्याच्या झांजा माझ्या हातात दिल्या.

"झांजांना वारा लागत नाही, नाबोर," ते हळूच म्हणाले.

बावीस वर्षं हो. रडू फार येत होतं. पण हुंदका दिला की वारा सुटतो, म्हणून दात आवळून झांजा वाजवत राहिलो.