खेकडीच्या पोटावरचा चिखल

आमच्या सासूबाईंना स्वच्छतेचं वेड. बाजारात त्यांचा खेकडा लांबूनही ओळखू येतो: पाठ ब्रशने घासलेली, पोटाखालचा चिखल खरवडून काढलेला. त्या दिवशी हेच वेड आमच्या मुळावर आलं.

खारफुटीतली खाडी खेकडे धरायला माझ्या शब्दावर बंद होती. खेकडे संपत आले होते, म्हणून अंडीवाल्या माद्या शेडमधल्या टाकीत सांभाळायच्या आणि पिल्लं खाडीत सोडायची, हे मीच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. माद्या एकेक करून दगावल्या. उरली एक. तीही हातची गेली तर संध्याकाळी मच्छीमार संस्थेच्या बैठकीत खाडी उघडणार आणि उरलेसुरले खेकडे टोपल्यांत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पंपासाठी डिझेल घेऊन मी परतले, तर सासूबाई टाकीवर वाकलेल्या. एका हातात खेकडी, दुसऱ्या हातात ब्रश.

"माणसं येणार आहेत," त्या म्हणाल्या. "केवढा काळा चिखल बसलाय हिच्या पोटाला. तुझं लक्ष असतं कुठे?"

अंडी नारिंगी असतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. फुटायला आली की ती काळी पडतात, पण तोवर मादी खाडी सोडून खोल समुद्रात गेलेली असते. काळी अंडी आमच्याकडे कोणी पाहिलीच नव्हती; मलाही ते वाचूनच ठाऊक होतं.

"आई, चिखल नाही तो. अंडी आहेत."

ब्रश थांबला. सासूबाईंचा हात सैल पडला आणि तेवढ्यात खेकडीने त्यांचा अंगठा नांगीत धरला.

दीर पक्कड घेऊन धावले. अशा वेळी आम्ही सरळ नांगी मोडतो. पण मोडली की मादी बिथरते, उरलीसुरली अंडीही टाकते. "भाऊजी, थांबा," मी म्हटलं खरं, पण कोणत्या तोंडाने? अंगठा माझा नव्हता.

"पक्कड ठेव खाली," सासूबाई लेकाला म्हणाल्या आणि खेकडीसकट हात टाकीत बुडवला. "पाण्यात सोडेल ती. तिच्या मनात येईल तेव्हा."

तिच्या मनात काही येईना. घासून निघालेली अंडी तळाशी बसत होती, त्यांच्यावरून रक्त पसरत होतं. मला सासूबाईंचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचा दुसरा हात मी घट्ट धरून ठेवला होता.

"किती गेली गं?"

"अर्धी तरी."

"मग बोल की मला. गप्प का?"

"आधी हात सुटू दे तुमचा."

तेवढ्यात माणसं आली. संस्थेच्या अध्यक्षांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "काकू, पुरे झालं हे आता. उघडूया खाडी."

सासूबाईंचे ओठ पांढरे पडले होते. हात पाण्यातच होता.

"अर्धी मी घासली. चूक माझी, सुनेची नाही," त्या म्हणाल्या. "अर्धी अजून हिच्या पोटाशी आहेत. त्यांच्यासाठी मी अंगठा दिलाय. ज्याला खाडी उघडायची असेल, त्याने आधी दुसऱ्या नांगीत बोट घालावं."

बऱ्याच वेळाने नांगी सुटली, तेव्हा अध्यक्षांनीच खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. अंगठ्याचं हाड मोडलं होतं. खाडी उघडण्याचा विषय त्या संध्याकाळी पुन्हा कोणी काढला नाही.