गाडीगणिक बोहनी

परतवाडा मागे टाकून घाट चढायला लागलं की साकरबर्डीचा फाटा येतो. एरवी इथे एसटी थांबली काय आणि न थांबली काय, कुणाला पत्ता नसतो. पण आषाढ लागून डोंगरावर धुकं उतरलं की अकोल्या-अमरावतीकडच्या सहलीच्या गाड्या एकीच्या मागे एक अशा येऊन थडकतात. गाडीतून पन्नासभर माणसं भसकन बाहेर पडतात, घटकाभरात खाऊन-पिऊन, फोटो काढून, हवी तिथे घाण करून परत आत चढतात, आणि त्यांची जागा घ्यायला पुढची गाडी हॉर्न वाजवत उभीच असते.

गावाने या गर्दीत जगायची आपली रीत बसवून घेतली होती. शनिवारीच दळण आणून ठेवायचं. विहिरीवर फळ्या टाकायच्या, नाहीतर पाहुणे तिच्यात पाय धुतात. बायकांनी उजाडायच्या आत शेताकडे जाऊन यायचं, कारण मग बांधाबांधावर शहरातली मंडळी बसलेली असत. आजारी पडायचं तर सोमवारी पडावं, असं गावात थट्टेनं म्हणत. रविवारी घाट असा तुंबे की अडलेली बाईसुद्धा खाली नेता येत नसे.

तरीही या गर्दीला कुणी शिव्या देत नव्हतं. ती वर्षंच तशी होती. कापूस पिकवायचा आणि वर्षाअखेर हात झटकायचे, हे वऱ्हाडात घरोघर चाललं होतं. गावातल्या जानरावांनीही आपली काळी जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिली आणि फाट्यावर टिनाचं हॉटेल टाकलं. आता हॉटेल म्हणायचं ते आपलं म्हणायचं. समोर दोन बाकडी, एक टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर, आणि मागे टिनाचा आडोसा घालून केलेली भट्टीची खोली. खोलीच्या पाठीला डोंगराची दरड होती, त्यामुळे मागून दार नव्हतं. जायला-यायला समोरचंच एक दार आणि ताटल्या द्यायला हातभर खिडकी.

त्या खोलीत त्यांची थोरली सून सुभद्रा बसे. तिचा नवरा देविदास दोन वर्षांपूर्वी शेतात वीज पडून गेला होता. सुभद्रेच्या हाताला चव होती, आणि हे सगळ्या फाट्याला ठाऊक होतं. तिचे भजे आणि आलुबोंडे खायला ड्रायव्हर लोक मुद्दाम इथे गाडी लावत. गल्ल्यावर सासरे बसत, ताटल्या धाकटा दीर अंकुर फिरवी, आणि सासू पार्वताबाई दाराशी बसून सगळ्यांवर नजर ठेवी.

सकाळची बोहनी होईपर्यंत विधवेनं गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये, हा नियम काही जानरावांनी काढलेला नव्हता. तो सगळ्या बाजाराचा होता. सुभद्रा तो मुकाट पाळी. पहिलं गिऱ्हाईक उठून गेलं की ती बाहेर येई, तोंडावर पाणी मारी, वारा घेई.

पण एका रविवारी बोहनी उरकल्यावर ती चटणीचं पातेलं घेऊन समोर आली आणि त्याच वेळी एक मोठी गाडी हॉटेलासमोर हळू झाली, नि न थांबता पुढे निघून गेली. गाडी लावायला तिथे तसूभर जागा नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जानरावांना मात्र सून दिसली.

"काहून आली तू समोर?" ते ओरडले. "गेली ना भरली गाडी निंघून! आमच्या पोटावर पाय देतं का?"

"मामाजी, जागाच नोती तिले थांबाले," सुभद्रा म्हणाली.

"जागेचं मले नको शिकवू. पोराले खाल्लं, आता धंदा खातं का?"

त्या दिवशी जानरावांनी नवा कायदा केला. प्रत्येक गाडी म्हणजे नवी लक्ष्मी, म्हणून प्रत्येक गाडीची बोहनी वेगळी. गाडी लागली की सुभद्रेनं आत जायचं, पार्वताबाईनं बाहेरून कडी घालायची, आणि गाडी हलली की कडी काढायची. इतर दुकानांत बोहनी सकाळी एकदा होई. जानरावांकडे ती गाडीगणिक होऊ लागली. एवढी लक्ष्मी दिवसभर ज्या हातांनी तळून बाहेर येत होती, ते हात कुणाचे, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही.

पंधरा ऑगस्टला लागून रविवार आला होता. सकाळपासूनच घाटात गाड्यांची रीघ लागली. पहिली गाडी थांबली आणि कडी लागली. ती गाडी हलायच्या आत दुसरी तिच्या पाठीला येऊन चिकटली, मग तिसरी. वर कुठेतरी दोन बस एकमेकींसमोर अडल्या होत्या, म्हणून खालचं सगळं जागच्या जागी थिजलं. माणसं गाड्यांतून उतरली ती उतरलीच. जानरावांचं हॉटेल असं कधीच भरलं नव्हतं. गिऱ्हाईक उठायचं नाव घेईना, गाडी हलेना, आणि कडीही निघेना.

आत भट्टी धगधगत होती. पत्रे वरून थंड आणि आतून तव्यासारखे. सुभद्रेचं लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं. दुपार कलली तेव्हा तिनं खिडकीतून हाक मारली.

"आत्याबाई, जरा कडी काढा. मले बाहेर जाचं हाय."

बाहेर कशासाठी जायचं ते बाईच्या जातीला सांगावं लागत नाही. पार्वताबाईलाही कळलं. ती जरा चुळबुळली, तिनं नवऱ्याकडे पाहिलं. जानरावांनी मानेनंच नाही म्हटलं.

"दम धर व," ती खिडकीशी तोंड नेऊन म्हणाली. "गाडी जाऊ दे. आता निंघनच."

"सकाळपासून दम धरून राहिली मी."

"मंग अजून घडीभर धर. मरून नाई जात."

अंकुर एकसारखा ताटल्या मागत होता. "वयनी, चार पलेट! वयनी, आलुबोंडे काढ!" सुभद्रेनं घाईघाईनं तापल्या कढईत आणखी तेल ओतलं. भट्टीचा एक दगड कधीचा डुगडुगत होता. तिला घेरी आली की कढई आपणहून कलली, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. उकळतं तेल तिच्या उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत, सांडलं.

ती किंचाळली. बाकड्यांवरची माणसं क्षणभर थांबली. एका बाईनं विचारलं, "अहो, आत काय झालं?"

"काई नाई, मांजर हाय," जानराव हसून म्हणाले, आणि त्यांनी टेपचा आवाज वाढवला. माणसं पुन्हा खायला लागली. मांजर असं ओरडत नाही हे काय त्यांना कळत नव्हतं? पण भजे गरम होते.

पार्वताबाईनं खिडकीतून डोकावून पाहिलं. हाताची कातडी सुटून लोंबत होती. म्हातारीचा हात कडीकडे गेलासुद्धा.

"खबरदार!" जानराव दबक्या आवाजात म्हणाले. "असा हात घेऊन रांडमुंड बाई समोर आली तर एक गिऱ्हाईक उरनार नाई. गाड्या गेल्यावर पाहू."

पार्वताबाईनं हात मागे घेतला. तिनं बेसनाचा ओला गोळा खिडकीतून आत सरकवला. "हे लाव हातावर. गार पडते." मग थोडं थांबून, डोळे चुकवत ती म्हणाली, "आन् डाव्या हातानं होते तेवढं तळ माय. लोकं बसून हायेत."

वाचणाऱ्याला खोटं वाटेल, पण सुभद्रेनं तळलं. जन्मभर ऐकायचीच सवय लागलेल्या बाईचे हातपाय तिच्या मनाला विचारत नाहीत. कढईच्या तळाशी उरल्यासुरल्या तेलात तिनं डाव्या हातानं भजे सोडले, झारा धरून काढले, ताटल्या खिडकीत ठेवल्या. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "भजे मस्त आहेत हो, आणखी सांगा." मग ती खाली बसली, आणि मांडीखालची जमीन ओली झाली. हाताच्या आगीपेक्षा त्या ओलीनं तिला रडू फुटलं.

शेजारी शफीकचं भुट्ट्यांचं दुकान होतं. तो जीप चालवी, आणि शेगडीवर त्याची बायको सुरैय्या बसे. दोन दुकानांत एकच पत्रा होता. टेपच्या गोंगाटातून सुरैय्याला ते हुंदके ऐकू आले. तिनं पत्र्याच्या फटीला डोळा लावला.

"या अल्ला!" ती म्हणाली. तिनं निखारे ओढायची लोखंडी सळई फटीत घातली आणि सारा जीव एकवटून पत्रा उचकटला. खिळे निघाले. तिनं सुभद्रेला बखोटीला धरून आपल्या दुकानात ओढलं, आणि तिथून सरळ रस्त्यावर, गर्दीत आणलं.

"सुरैय्या, काय करून राहिली तू?" पार्वताबाई धावली. "गाड्या लागल्या हायेत!"

"काकू, गाड्या लागल्या तं लागू द्या. पोरीचा हात जाऊन राहिला, तुमाले दिसत नाई का?"

"आमच्या घरातलं आमी पाहून घेऊ."

"तुमी पाहूनच तं राहिल्या होत्या!" सुरैय्या म्हणाली.

शफीकनं जीप सुरू केली, पण हलवायची कुठे? मागे बस, पुढे बस. तो ड्रायव्हरांच्या हातापाया पडला. एक चष्मेवाला गृहस्थ म्हणाला, "गाडी मागे घेतली की आमची जागा गेली. पुन्हा मिळायची नाही." कुणी मोबाइलवर फोटो काढला. एका आईनं आपल्या लेकराचे डोळे झाकले. वाट मात्र कुणी दिली नाही. शेवटी सुरैय्या आणि शफीक तिला दोन्हीकडून धरून घाट पायी उतरले. अडकलेली शेवटची गाडी मागे टाकल्यावर कुठे एक रिकामी जीप मिळाली. परतवाड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवे लागले होते.

हात वाचला, पण उपयोगाचा राहिला नाही. बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटली. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

जानराव आणि पार्वताबाई एकदा भेटायला आले. सासूनं डोक्यावरून हात फिरवला, केळी ठेवली. सासरे खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बरं वाटलं की ये घरी. तळाले बाई ठेवली हाय, पन तिले तुयासारखं मसाल्याचं समजत नाई. तू नुसती आत बसून सांगत जाय."

"आतच?" सुभद्रेनं विचारलं.

"मंग? आता तं हातबी असा झाला."

सुभद्रेनं मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग ती म्हणाली, "मामाजी, मी त्या खोलीत येत नाई. कोनाच्याच आत येत नाई आता."

"तुले दुसरं कोन ठेवते?"

"नाई ठेवलं तं रस्त्यावर बसन. पन समोर बसन."

पार्वताबाई काहीतरी बोलायला गेली. नवऱ्यानं पाहिलं तशी ती उठली, आणि दोघं निघून गेले. सुभद्रेचं माहेर खाली अंजनगावाकडे होतं. तिथे भावानं दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी, घरात लग्न आहे, असं सांगितलं. लग्नघरात विधवा कुठे बसवायची, हा त्याचाही प्रश्न होताच.

सुरैय्यानं तिला आपल्याकडे आणलं, तेव्हा शफीक कुरकुरला. तो माणूस वाईट नव्हता, पण सकाळच्या पहिल्या फेरीला तोही जीपमध्ये पुढच्या सीटवर विधवा बाई बसू देत नसे. "बोहनीच्या टायमाले ही समोर बसली तं लोकं नाव ठेवतीन. धंदा बसंल आपला."

"बसला तं बसू दे," सुरैय्या म्हणाली. "मी उद्या बेवा झाली तं मले कुठं कोंडशीन, ते आजच सांगून ठेव."

शफीक जीप पुसायला निघून गेला. फाट्यावर कुजबुज झाली. दुसऱ्या दुकानदारांनी सुरैय्याशी बोलणं टाकलं. ती घरी लेकरांना शाळेत धाडायला थांबे, म्हणून सकाळी शेगडी पेटवून बसायचं काम सुभद्रेचं झालं. निखाऱ्यावर भुट्टा फिरवायला एक हात पुरतो, लिंबू-मीठ चोळायला जरा वेळ लागतो एवढंच.

पुढच्या आषाढातली पहिली मोठी गाडी आली ती सकाळीच, धुक्यातून दिवे लावून. अकोल्याच्या एका शाळेतल्या शिक्षकांची सहल होती. एक बाई आधी उतरल्या. अंगावर सुती साडी, खांद्याला झोळी, चेहरा मायाळू. भुट्ट्याच्या वासानं त्या सरळ सुभद्रेकडे आल्या.

"छान भाजलंय हो. द्या एक," त्या म्हणाल्या. तिच्या हाताकडे लक्ष गेलं तसं त्यांना वाईट वाटलं. "अगंबाई, काय झालं हे?"

"तेल सांडलं होतं, ताई," सुभद्रा म्हणाली आणि तिनं भुट्टा पुढे केला.

बाईंनी हात पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातून अंकुर धावत आला. "ताई, इकडं या, भजे गरम हायेत. तिच्या हातचं सकाळी-सकाळी पहिलं नका घेऊ. बेवा हाय ते. तुमचा आख्खा दिवस खराब जाईन, पुढं घाट हाय."

बाईंनी एकदा सुभद्रेकडे पाहिलं, एकदा पुढच्या घाटाकडे. त्या शिकलेल्या होत्या. वर्गात मुलींना त्या समतेचे धडे शिकवत असतील. रविवारच्या पुरवणीत असली गोष्ट छापून आली तर ती वाचून त्यांचे डोळे भरून येत असतील आणि त्या ती मैत्रिणींनाही वाचायला देत असतील.

"मी नंतर घेते हं," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढे केलेला हात त्यांनी झोळीत घातला.

त्या हॉटेलाकडे वळल्या. त्यांच्यामागून बाकीचे गुरुजी आणि बाई वळले. जानरावांनी टेप लावला.

सुभद्रेनं तो भुट्टा परत निखाऱ्यावर ठेवला. धुक्यातून दुसरी गाडी वर येत होती, आणि अंकुर कमरेवर हात देऊन सुभद्रेकडे बघत उभा होता, आता तरी ही उठून आत जाते का म्हणून. सुभद्रा उठली नाही. गाडी थांबली, दार उघडलं, आणि ती उतरणाऱ्या माणसांकडे तोंड करून मोठ्यानं ओरडली, "या ताई, या दादा, गरम भुट्टे घ्या!"